उपचारांनंतर वजन उतरवताना

ताई, कर्करोगाचे उपचार संपताच मी कडक उपास आरंभले, ही माझी पहिली चूक. चरबीआधी ताकदच गेली आणि जिना चढताना कठडा धरावा लागू लागला. आपण डॉक्टरांच्या संमतीने रोज दहा मिनिटे चालण्यापासून सुरुवात करून आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत हळूहळू पोहोचावे, आणि स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजत असल्यास वजने उचलण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टना अवश्य विचारावे.

इंदुरात पोहे सुटणे कठीण, म्हणून ते सोडू नका. वाटीभर घ्या, मटार वाढवा, वरची शेव आणि सोबतची जिलेबी मात्र टाळा. जेवणात डाळ, दही हवेच.

८० किलोंतले ४ किलो उतरले तरी रक्तदाब, साखर सुधारू लागते. प्रयत्नांविना वजन झपाट्याने घटले, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.