एक दाबला की दोन काने

प्रश्न : नमस्कार. मी सांगलीत घरूनच डीटीपीची कामं घेते, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, कुणाचा प्रबंध असलं सगळं, टायपिंग इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठी अक्षरांच्या ठरलेल्या कीबोर्ड मांडणीवर. कीबोर्ड मेकॅनिकल आहे, निळ्या स्विचचा, टकटक वाजणारा. गेल्या पावसाळ्यापासून त्याची ई ची की बिघडलीय, म्हणजे आपला काना. एकदा दाबली तरी कधी दोन काने उमटतात आणि कधी उमटतच नाही, मग ‘काम’चं ‘कम’ होतं आणि प्रूफ वाचताना जीव जातो. बाकी सगळ्या की ठणठणीत. दुकानदार म्हणतो एका कीचं काही होत नाही, नवीन घ्या. खरंच टाकून देऊ का?

उत्तर : अजिबात नको ताई. मेकॅनिकल कीबोर्ड घेण्याचा अर्धा फायदाच हा की प्रत्येक कीखाली तिचा स्वतंत्र स्विच असतो, एक गेला तर एक बदलायचा. आणि कानाच जाणार होता हो, मराठीत सगळ्यात जास्त मार तोच खातो!

आधी होतंय काय ते सांगतो. स्विचच्या आत पत्र्याच्या दोन बारीक पट्ट्या असतात, की साधारण २ मिलिमीटर खाली गेली की त्या एकमेकींना टेकतात. पण टेकताना त्या एका झटक्यात शांत बसत नाहीत, कॅरमची सोंगटी कडेला आपटून मागे येते तशा क्षणभर उडतात. हे नव्या स्विचमध्येही होतं, म्हणून कीबोर्डमधली चिप थोडा वेळ, बऱ्याच कीबोर्डांत ५ मिलिसेकंदांच्या आसपास, तिकडे काणाडोळा करते. पट्ट्यांवर धूळ बसली, दमट हवेनं ती चिकटली किंवा पट्टी सैल झाली की हे उडणं लांबतं आणि चिपला वाटतं की दोनदा दाबली. मधे कचरा आला तर टेकतच नाहीत, मग काना गायब. तुमच्याकडे दोन्ही होतंय म्हणजे संशय स्विचवरच.

तरी खात्री करा. दुसरा कुठलाही साधा कीबोर्ड लावून थोडं टाईप करा, तिथेही दोन काने आले तर भानगड कॉम्प्युटरमध्ये आहे. नाही आले तर आपल्या कीबोर्डवर नोटपॅडमध्ये के-ई-के-ई करत सुटा, इनस्क्रिप्टमध्ये ‘काकाकाका’ अशी रांग येते आणि त्यात जादा काना किंवा नुसता ‘क’ लगेच डोळ्यात खुपतो. की मधोमध, मग जरा डावीउजवीकडे कलती दाबून बघा. विंडोजमध्ये फिल्टर कीज म्हणून सोय आहे, पटापट दोनदा आलेलं अक्षर ती गाळते, पण तिचा वेळ अर्ध्या सेकंदापासून सुरू होतो, म्हणजे ‘ममता’ लिहायला गेलात तर दुसरा ‘म’च गिळेल. तुमच्या स्पीडला काही कामाची नाही.

आता साफसफाई. केबल काढायची, मग तारेच्या पुलरनं कीचं टोपण सरळ वर ओढायचं (सपाट स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, बाजूचं टोपण तुटतं). ब्लोअरनं हवा मारा आणि मधला दांडा पाच-पन्नास वेळा भराभर दाबा, बरेचदा एवढ्यानंच सुटतं. नाही सुटलं तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाईल रिपेअरवाले ज्याला आयपीए म्हणतात ते, किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर. दांडा दाबून धरायचा, कडेनं दोन-तीन थेंब सोडायचे, परत भराभर दाबायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं, वाळल्याशिवाय केबल लावायची नाही. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. शिलाई मशीनचं तेल तर नकोच नको, दोन दिवस मऊ वाटेल आणि मग सगळी धूळ तिथेच गोळा होईल.

यानं महिना-दोन महिने बरं चालून परत तेच सुरू झालं तर मात्र पुन्हा पुन्हा धूत बसू नका, पट्टीच थकलीय, स्विच बदला. तुमचा कीबोर्ड हॉटस्वॅप असेल, म्हणजे स्विच नुसता ओढून निघत असेल, तर काम पाच मिनिटांचं. स्क्रोल लॉकचा स्विच काढून ई च्या जागी लावा आणि ई चा तिकडे. दुखणं स्विचबरोबर स्क्रोल लॉककडे गेलं तर स्विच खराब, ई लाच राहिलं तर खालचं सॉकेट सैल. बसवताना स्विचचे दोन्ही पाय सरळ आहेत ना बघा, एक पाय वाकून आत दुमडला की की मेल्यासारखीच होते आणि माणूस उगाच बोर्डाला दोष देतो.

स्विच सोल्डर केलेला, म्हणजे बोर्डाला डाग देऊन पक्का जोडलेला असेल तरी घाबरायचं कारण नाही. मागच्या बाजूला दोनच टाके असतात. मोबाईल किंवा टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे न्या आणि ‘कीबोर्ड रिपेअर करा’ म्हणू नका, तो नाहीच म्हणेल, ‘हे दोन टाके सोडवून हा स्विच बसवा’ म्हणा. जुन्या टाक्यावर आधी थोडं ताजं सोल्डर लावून मग पंपानं ओढायला सांगा, नुसतं गरम सोल्डरिंग आयर्न टेकवून ठेवलं तर बोर्डावरचा तांब्याचा पॅड उचलला जातो आणि मग खरोखरच काम वाढतं. स्विच ऑनलाइन मिळतात, पुण्या-मुंबईला फेरी झाली तर तापकीर गल्ली नाहीतर लॅमिंग्टन रोडला विचारा. पण माझं मत विचाराल तर नवा आणूच नका, स्क्रोल लॉकचाच बसवा. तो बहुतेक कोराच असतो आणि बोटाला फरकही जाणवत नाही.

प्रश्न : कीबोर्डवर चहा सांडला. पुसला, चालतोय, पण स्पेसबार आणि दोन-चार की दाबल्या की हळूहळू वर येतात. काय करू?

उत्तर : साखर. ती स्पिरीटनं नीट विरघळत नाही, तिला पाणीच लागतं. केबल काढा, टोपणं काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवा. स्पेसबारखालच्या तारेच्या टोकांना बहुतेक चहा चिकटलाय, ती ओल्या इअरबडनं पुसा आणि कोरडी झाली की किंचित सिलिकॉन ग्रीस लावा. चिकट स्विचमध्ये डिस्टिल्ड वॉटरचे थेंब, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते चालेल, मग आयपीए, म्हणजे पाणी लवकर उडेल. पालथा घालून दोन दिवस पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर नको, टोपणं वाकतात.