सोनं जमिनीच्या पोटात शिजत नाही, राजेहो

भौ, तुम्ही विचारलं का पृथ्वीच्या पोटात एवढी आग हाय, तं सोनं, शिसं, लोखंड तिथंच तयार झालं असंल न. नाई. ती आग धातू वितळवते, हलवते, एका जागी जमा करते, पण एका मूलद्रव्याचं दुसरं करायची तिची ताकद नाई (युरेनियम आपोआप कुजून शिसं होते, ते आगीमुळं नाई). गाभ्यात पाच-सहा हजार डिग्री धरा, सूर्याच्या मधात दीड कोटी, अन् तो सूर्यबी सध्या हायड्रोजनचं हेलियम करण्यातच अडकला हाय.

सूर्याहून कितीतरी पट मोठ्या ताऱ्यात काम पुढं सरकते, कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन असं करत करत लोखंडापाशी गाडी अडते. काऊन? तं लोखंडापर्यंत अणू जोडले का ऊर्जा सुटते, म्हणजे नफा, अन् त्याच्या पुढं जोडायला गेलं का घरचे पैसे घाला. आपण कापसात दरसाल तेच करतो, पण ताऱ्याला ते झेपत नाई, गाभा सेकंदाच्या आत खचते अन् तारा फुटते. आपल्या सुरजागडच्या लोखंडातला बराच माल मात्र दुसऱ्या स्फोटांतला, पांढरे बटू तारे (जळून विझलेल्या ताऱ्यांचे उरलेले घट्ट गाभे) फुटतात त्यातला. तिथं आधी निकेल बनते, त्याचं कोबाल्ट, अन् मग लोखंड.

लोखंडाच्या पुढचं काम न्यूट्रॉनचं, म्हणजे अणूच्या गाभ्यात सापडणाऱ्या एका कणाचं. त्याच्यावर विजेचा भार नाई, म्हणून अणूच्या गाभ्यात सहज घुसते. म्हाताऱ्या लाल ताऱ्यांत हे निवांत चालते, एक घुसला का दुसऱ्याला कधी कधी वर्षंच्या वर्षं लागतात. ट्रॅक्टरच्या बॅटरीतलं शिसं अन् कल्हईचं कथील जास्त करून असंच बनलं. पुरावा पाहिजे? १९५२ मधे पॉल मेरिल या खगोलशास्त्रज्ञाला अशा ताऱ्यांच्या उजेडात टेक्नेशियम नावाचं मूलद्रव्य दिसलं, त्याचं सगळ्यात टिकाऊ रूपबी ४२ लाख वर्षांत निम्मं होते, म्हणजे ते ताऱ्यात नुकतंच बनलं असलं पाहिजे.

सोनं, प्लॅटिनम, युरेनियम यांना एवढा वेळ चालतच नाई, तिथं सेकंदाभरात न्यूट्रॉनचा मुसळधार पाऊस लागते. आमच्या वेळी सगळं सुपरनोव्हावर, म्हणजे मोठा तारा फुटण्यावर, ढकलून मोकळे होत. मग १७ ऑगस्ट २०१७ ला लायगो अन् व्हर्गो या गुरुत्वलहरी टिपणाऱ्या वेधशाळांनी १३ कोटी प्रकाशवर्षांवरची दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची (फुटलेल्या मोठ्या ताऱ्यांचे उरलेले अतिघट्ट गोळे) टक्कर पकडली, नंतरच्या उजेडावरून हिशेब लागला का हजारो पृथ्व्यांएवढा जड माल बाहेर फेकला गेला. तरी "सगळं सोनं टकरीतूनच" असं छातीठोक सांगणाऱ्यांचं मले पटत नाई. २००४ मधे एका मॅग्नेटारचा, म्हणजे लई जबर चुंबकत्व असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याचा, जबर भडका झाला होता, त्यातबी असा माल बनल्याचं २०२५ मधे दाखवलं गेलं. आपल्या वाशिमच्या शेजारी, हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगोची वेधशाळा होऊ घातली हाय, ती चालू झाली का अशा टकरी आभाळात नेमक्या कुठं झाल्या ते लवकर सापडंल.

पृथ्वी वितळलेली होती तेव्हा तिचं बहुतेक सोनं लोखंडासोबत गाभ्यात बुडालं. वरच्या खाणीतलं बरंचसं नंतर पडलेल्या उल्कांनी आणलं असं बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत हाय. म्हणून फावडं घेऊन लोणारले नका निघू, तिथं अभयारण्य हाय.

अन् तुमच्या प्रश्नातली ती आग. तिचा बराचसा भाग युरेनियम, थोरियम कुजण्यातूनच येते. म्हणजे तुम्ही उलट्या टोकानं धरलं भौ, आगीनं जड धातू नाई केले, जड धातूंनीच आग एवढी वर्षं पेटती ठेवली.