हिरवी खूण आणि जाऊबाईंची गाठ

मिरज तालुक्यातल्या एका बचत गटाच्या सचिव लिहितात: गटातल्या २२ जणींच्या मोबाइलवर मी स्तनाच्या कर्करोगाची माहिती देणारं ॲप टाकून दिलं. माझ्या मोठ्या जाऊबाईंना (वय ४३) काखेजवळ गाठ लागते. दुखत नाही. ॲपच्या प्रश्नांची उत्तरं दिल्यावर ‘धोका कमी’ अशी हिरवी खूण आली, म्हणून त्या डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. ॲप मीच दिलं. आता काय करू?

ताई, ॲप राहू द्या, त्या हिरव्या खुणेवरचा भरवसा तेवढा काढा. प्रश्न काय होते आठवा: वय, पाळी कधी आली, पहिलं मूल कितव्या वर्षी, आई-बहिणीला होता का. ही पुढच्या वर्षांची आकडेमोड झाली. आज हाताला लागणारी गाठ तिच्या हिशेबातच नाही. शिवाय हा आजार झालेल्या बहुतेक बायकांच्या घरात तो आधी कुणालाच नसतो. आणि दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका, कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

त्यांना याच आठवड्यात मिरजेच्या शासकीय रुग्णालयात सर्जरीच्या ओपीडीत न्या. या वयात मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी करतात, संशय वाटला तर जाड सुईनं तुकडा काढून तपासतात. ‘सुई लावली की गाठ पसरते’ असं शेजारपाजारचं कुणीतरी सांगेलच. ते खरं नाही. बहुतेक गाठी साध्या निघतात, हे मात्र वाटेतच सांगा. रेशन कार्ड, आधार कार्ड बरोबर असू द्या. उपचार लागलेच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी लागतील.

आता बाकीचे २१ फोन. ॲपचा खरा उपयोग दर महिन्याला स्वतःचे स्तन तपासायच्या आठवणीसाठी, आणि नेमकी तीच बिघडते. बॅटरी वाचवायला फोन ॲप बंद पाडतो, आठवण वाजतच नाही. सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढा. सगळ्यांना एक तारीख लावू नका. पाळीआधी स्तन भरलेले, गाठाळ लागतात आणि बाई उगाच घाबरते. पाळी संपल्यावर तीन-चार दिवसांनी तपासावं. पाळी गेलेल्यांनी महिन्याची एक तारीख धरावी. लॉक स्क्रीनवर मजकूर दिसणार नाही असं करा, नाहीतर सासऱ्यांसमोर ‘स्तन तपासणी’ झळकली की ॲप त्याच दिवशी उडतं. फोटो मागणारं ॲप तर ठेवूच नका.

तपासताना बोटांची टोकं रुतवू नयेत. मधल्या तीन बोटांच्या पेरांनी आधी हलकं, मग मध्यम, मग खोल दाबत गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंत जावं.

तरी शिकलेल्या हाताची सर त्याला नाही. टाटा मेमोरियलनं १९९८ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी बायकांना हातानं तपासलं. पन्नाशीपुढच्यांत या आजाराचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. तिशीपुढच्या बायकांची अशी तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. बचतीच्या बैठकीला आशाताईंना बोलवा, उपकेंद्रातल्या सिस्टरचा वार ठरवून घ्या आणि तो वार ॲपमध्ये घाला.