जुन्या न्यायालयाशेजारी नवे न्यायसंकुल

प्रश्न : अमेरिकेतील अनेक काउंट्यांमध्ये (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या प्रशासकीय विभागांमध्ये) मध्यवर्ती चौकातले जुने न्यायालय अपुरे पडू लागले की शेजारीच नवे न्यायसंकुल उभारले जाते. स्थानिक वास्तुवारशाचा मान राखण्यासाठी नव्या इमारतीलाही तसाच घुमट आणि तशाच कमानी द्याव्यात का?

उत्तर : देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ऐतिहासिक वास्तूंविषयीची अमेरिकी संघराज्य सरकारची मानकेही हेच सुचवतात की, नवे काम जुन्यापासून वेगळे ओळखू यावे, मात्र आकारमान, प्रमाण आणि बांधणीची वैशिष्ट्ये यांबाबत त्याचा जुन्याशी मेळ बसावा.

खरी कसोटी लागते ती अंतर्गत रचनेत. नागरिक, न्यायाधीश व कर्मचारी आणि कोठडीतील आरोपी यांच्या वाटा कोठेही एकमेकींना छेदू नयेत, यासाठी आजच्या न्यायालयात तीन स्वतंत्र मार्ग, त्यांचे वेगळे जिने व लिफ्ट आणि आरोपींची गाडी थेट आत घेणारे बंदिस्त प्रवेशद्वार लागते. साहजिकच इमारत अवाढव्य होते. हा पसारा चौकापासून मागे सारला, दर्शनी भागाची उंची जुन्या छताच्या कडेशी थांबवली आणि दगडाच्या थरांची उंची व खिडक्यांमधील अंतर जुन्या भिंतीवर प्रत्यक्ष मोजून ठरवले, तर घुमट नसतानाही दोन्ही इमारती एकमेकींना शोभतात. नक्षीकाम त्यानंतरचा विषय आहे, आणि बहुतेक ठिकाणी त्याची गरजही पडत नाही.

जुन्या वास्तूचा वापर चालू राहणे मला याहून मोलाचे वाटते. पिट्सबर्ग येथे एच. एच. रिचर्डसन यांनी आखलेले अ‍ॅलेघेनी काउंटीचे न्यायालय १८८८ साली पूर्ण झाले. खडबडीत ग्रॅनाइटची ही इमारत शेजारच्या तुरुंगाला कमानदार पुलाने जोडलेली आहे. १९९५ साली तुरुंग नव्या इमारतीत हलवल्यावर जुनी इमारत पाडली गेली नाही. तिच्या दगडी भिंतींआड पुढे कौटुंबिक न्यायालय आले. त्यामुळे कडक सुरक्षेचे फौजदारी खटले नव्या संकुलात न्यावेत आणि दिवाणी सुनावण्या व नोंदणीची कामे जुन्या इमारतीत ठेवावीत, असा पर्याय प्रत्येक काउंटीने आधी तपासावा.

एक कायदेशीर बाबही ध्यानात असू द्यावी. १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा जतन कायद्यातील कलम १०६ नुसार होणारा, ऐतिहासिक वास्तूंवरील परिणामांचा आढावा संघराज्य सरकारचा निधी, परवाना किंवा मंजुरी गुंतलेली असेल तेव्हाच लागू होतो. केवळ काउंटीच्या पैशातून होणाऱ्या बांधकामाला सहसा राज्याचे व स्थानिक नियमच लागू पडतात, म्हणून त्यांची चौकशी जागा निश्चित करण्यापूर्वीच करावी.