मॅक्रोच्या आधी प्रोफाइल नीट कर

मित्रा, सॉलिडवर्क्समध्ये (थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) ट्यूबची फ्रेम आपोआप बनवणारा मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहायला लगेच बसू नकोस, आधी प्रोफाइलची, म्हणजे ट्यूबच्या छेदाच्या स्केचची, लायब्ररी लावून घे. ४०×४०, ५०×५० अशा प्रत्येक साइझची वेगळी फाइल करण्यापेक्षा एकच स्क्वेअर ट्यूबची फाइल कर आणि डिझाइन टेबलमधून (मापांच्या तक्त्यातून) सगळ्या साइझची कॉन्फिगरेशन्स, म्हणजे त्याच फाइलमधले वेगवेगळे प्रकार, काढ, २०१४ पासून ही सोय आहे. स्केच तेच राहतं म्हणून साइझ बदलली तरी पिअर्स पॉइंट (प्रोफाइल फ्रेमच्या रेषेला जिथे जोडलं जातं तो बिंदू) हलत नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे रे, माझी एक अख्खी फ्रेम पॉइंट सरकल्यामुळे अर्ध्या ट्यूबने बाहेर गेली होती. फाइल लायब्ररी फीचर म्हणून सेव्ह करताना ट्रीमध्ये (बाजूच्या फीचर्सच्या यादीत) स्केच सिलेक्ट केलेलं हवंच. मग मॅक्रोला फक्त फाइलचा पाथ आणि कॉन्फिगरेशनचं नाव द्यायचं. ट्यूबच्या भिंतीची जाडी मात्र स्टॉकिस्टला विचारूनच टाक.