वडिलांना डॉक्टर क्लिनिकल ट्रायलमध्ये घेऊ म्हणतायत, हो म्हणावं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की वडील ६४ वर्षांचे, डायबेटिस जुना, गोळ्या घेऊनही शुगर वरच, आणि आता नेहमीचे डॉक्टर म्हणतायत की नवीन औषधाची ट्रायल चालू आहे, तपासण्या फुकट, औषध फुकट, नाव घालू का तुमचं? तर मामा म्हणतात गिनीपिग करून टाकतील, आणि वडील म्हणतात फुकट आहे तर आपलं काय जातंय. कोणाचं ऐकू?

दोघांचं अर्धं अर्धं ऐका. म्हणजे दोघंही थोडे बरोबर आहेत आणि दोघांनीही कागद वाचलेला नाहीये.

आधी सांगते मी कोण. डॉक्टर नाही. पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये सहा वर्षं स्टडी कोऑर्डिनेटर होते. म्हणजे पेशंटला फोन करून "काका उद्या उपाशीपोटी या हं, पाणी चालेल, चहा नको" सांगणारी, रक्ताच्या ट्यूबवर स्टिकर लावणारी, थर्माकोलच्या डब्यात ड्राय आइस घालून कुरियरवाल्याची वाट बघत बसणारी, आणि कंपनीकडून मॉनिटर, म्हणजे आमचं काम तपासणारा माणूस, आला की त्याच्यासमोर फायली मांडून शिव्या खाणारी जी असते ना, ती. आता ते काम सोडलंय, त्यामुळे तुमच्या वडिलांनी हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, माझं काही जात नाही.

वडिलांना एक गोष्ट नीट समजली पाहिजे. ट्रायल म्हणजे उपचार नव्हे, ट्रायल म्हणजे प्रश्न. हे औषध चालतं का, हे कोणालाच माहीत नाहीये म्हणून तर ट्रायल आहे, माहीत असतं तर मेडिकलमध्ये मिळालं असतं. आमच्याकडे दहातले आठ पेशंट ट्रायल म्हणजे "स्पेशल ट्रीटमेंट" समजूनच यायचे, परदेशी औषध आहे, नवीन आहे, म्हणजे भारीच असणार. नवीन म्हणजे भारी असं काही नसतं हो.

कोरोनातला प्लाझ्मा आठवतोय का, बरे झालेल्यांच्या रक्तातला काढून आजारी माणसाला द्यायचे तो? २०२०-२१ मध्ये प्रत्येकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसला तेच होतं, अर्जंट प्लाझ्मा हवाय, ओ पॉझिटिव्ह, अमुक हॉस्पिटल, खाली नंबर. माझ्या चुलतभावाने रात्री दोन वाजता सासऱ्यांसाठी अर्धं पुणे फोनवर उठवलं होतं. पेशंट वाचला की लोक म्हणायचे प्लाझ्माने वाचला, गेला की म्हणायचे उशिरा मिळाला. म्हणजे प्लाझ्मा हरूच शकत नाही अशी सोय. आणि गंमत म्हणजे उत्तर तेव्हा आलेलं होतं. आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने, एप्रिल ते जुलै २०२० मध्ये ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर ट्रायल केली होती, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एकाला नेहमीचे उपचार अधिक प्लाझ्मा, दुसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. २८ दिवसांत तब्येत फारच बिघडली किंवा पेशंट दगावला असे प्लाझ्मावाल्या गटात १९ टक्के, दुसऱ्या गटात १८ टक्के. फरक शून्य. ते ऑक्टोबर २०२० मध्ये छापून आलं, आणि सरकारी गाइडलाइनमधून प्लाझ्मा काढला मे २०२१ मध्ये, मधली सगळी दुसरी लाट लोक धावत होते. दुसरा गट नसता तर हे कधीच कळलं नसतं, कारण प्लाझ्मा दिलेले बहुतेक लोक बरे झाले होते, फक्त न दिलेलेही तेवढेच झाले होते.

म्हणून तो दुसरा गट लागतो, आणि तुमचे वडील त्या दुसऱ्या गटात जाऊ शकतात. हे डॉक्टर सांगतात पण पटकन सांगतात. त्यांना खरी गोळी मिळेल की तशीच दिसणारी रिकामी गोळी, म्हणजे प्लासिबो, हे कॉम्प्युटर ठरवतो, डॉक्टरला माहीत नसतं, मलाही माहीत नसायचं. डब्यावर फक्त नंबर असतो. पेशंट मला बाजूला घेऊन विचारायचे, मॅडम खरी कुठली ते बघून द्या ना. मला तरी कुठे कळत होतं!

मराठी कन्सेंट फॉर्ममध्ये, म्हणजे सही करायच्या संमतीपत्रात, हेच "यादृच्छिकीकरण" म्हणून लिहिलेलं असतं. हा शब्द कोणी शोधला त्याला माझा साष्टांग नमस्कार. मी सहा वर्षं "छापा-काटा" म्हणत आले आणि सगळ्यांना पहिल्या फटक्यात कळलं.

पण रिकामी गोळी म्हणजे वडिलांना वाऱ्यावर सोडतात असं नाही. डायबेटिसच्या ट्रायलमध्ये बहुतेक वेळा आधीची गोळी, मेटफॉर्मिन वगैरे, चालूच राहते आणि नवीन गोळी किंवा प्लासिबो तिच्यावर जोडतात. शुगर एका मर्यादेच्या वर गेली तर जादा औषध देतात, त्याला रेस्क्यू म्हणतात. तर पहिला प्रश्न हाच विचारा, आधीच्या गोळ्यांचं काय करणार, बंद करणार का, किती दिवस, आणि शुगर किती झाली की रेस्क्यू देणार. यावर डॉक्टर आकडा सांगतील. "बघू तेव्हा" म्हणाले तर मला आवडणार नाही, कारण तो आकडा प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यात, लिहिलेला असतो.

फेज, म्हणजे ट्रायलचा टप्पा, कितवी आहे तेही विचारा. पहिल्या फेजमध्ये थोडक्या लोकांवर फक्त औषध अंगाला सोसतंय का, किती डोस सोसतोय हे बघतात, तिसऱ्या फेजला येईपर्यंत ते शेकडो लोकांनी घेतलेलं असतं. तुमच्या वर्णनावरून ही तिसरी वाटते पण विचाराच.

आता मामांचं. त्यांची भीती हवेतली नाहीये. लोकांना न सांगता, गरिबांच्या सह्या घेऊन ट्रायल केल्याच्या तक्रारी आपल्याकडे खूप झाल्या, इंदूरचा स्वास्थ्य अधिकार मंच २०१२ मध्ये त्यावरून सुप्रीम कोर्टात गेला, मग २०१३ मध्ये नियम आवळले आणि २०१९ मध्ये सगळे नवे नियम आले. आता ट्रायलमुळे पेशंटला काही झालं तर उपचाराचा खर्च पेशंटने करायचा नसतो, आणि त्रास ट्रायलमुळेच झाला असं ठरलं तर वर भरपाई द्यावी लागते. गंभीर काही झालं, नुसतं ॲडमिट करावं लागलं तरी, २४ तासांत कळवावं लागतं. मी दिवाळीच्या पाडव्याला घरी फराळ सोडून असा रिपोर्ट टाइप केलाय, पेशंट स्कूटरवरून पडला होता, औषधाचा काही संबंध नाही, तरी कळवायचं म्हणजे कळवायचंच.

ट्रायलला परवानगी देणारी आणि पेशंटची बाजू बघणारी एथिक्स कमिटी असते, तिच्यात कमीत कमी सात जण लागतात आणि निम्मे तरी हॉस्पिटलच्या बाहेरचे, त्यात एक वकील, एक साधा माणूस ज्याचा वैद्यकशास्त्राशी संबंध नाही. आमच्याकडे होते ते रिटायर्ड शिक्षक होते आणि सगळ्यात जास्त प्रश्न तेच विचारायचे, पेशंटला रिक्षाचे पैसे किती देणार इथपर्यंत. कमिटीचा फोन नंबर कन्सेंट फॉर्मवर छापलेला असतो. तो शोभेला नसतो, फोन करता येतो.

आणि फॉर्ममध्ये एक रकाना बघून मामा नक्की घाबरणार, म्हणून आधीच सांगते. नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं. शेजारीच वार्षिक उत्पन्न. एलआयसीच्या फॉर्मसारखं. एक मावशी तो रकाना बघून उठूनच गेल्या होत्या, म्हणजे मेल्यावर कोणाला द्यायचं हे आत्ताच विचारताय का म्हणून. तर तो रकाना सगळ्यांच्याच फॉर्मवर असतो, भरपाई द्यायची वेळ आली तर कोणाला द्यायची म्हणून. मावशींना हे मी आधी सांगायला हवं होतं, चूक माझी.

आणखी एक प्रसंग सांगते, यात माझं नाव चांगलं येत नाही. एका ट्रायलला पेशंट कमी पडत होते, दर आठवड्याला कंपनीचा मेल, किती झाले किती झाले. एक आजोबा आले, बाहेरगावचे, चष्मा घरी राहिलेला. फॉर्म सतरा पानांचा. आमच्या डॉक्टरांची ओपीडी तुंबलेली, त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं आणि मला म्हणाले सह्या घेऊन टाक. आजोबा म्हणाले डॉक्टर म्हणतायत म्हणजे बरोबरच असेल, आणि जिथे बोट ठेवलं तिथे सही केली. मी घेतली ती सही. कागदावर सगळं चोख, तारीख, वेळ, एक कॉपी त्यांना दिलेली. तिसऱ्या व्हिजिटला कळलं की त्यांना वाटत होतं हे गुडघ्याचं औषध आहे. ट्रायल डायबेटिसची होती. मग परत पहिल्यापासून बसून समजावलं, आणि ते सोडून गेले, शांतपणे, हातातल्या पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले मग हे नको बाई. आपल्याकडे पेशंट डॉक्टरला नाही म्हणत नाही हो, हीच अडचण आहे, कायदा कितीही कडक करा.

त्यामुळे माझा सल्ला एवढाच की पहिल्या दिवशी सही करायचीच नाही. फॉर्म घरी आणा, तो मागायचा तुम्हाला हक्क आहे, दोन दिवस ठेवा, मामांनाही वाचायला द्या. फॉर्मवर किंवा डॉक्टरांकडे सीटीआरआयचा नंबर मिळेल, ती आपली सरकारी रजिस्ट्री आहे, २००९ पासून प्रत्येक ट्रायल तिथे नोंदवणं सक्तीचं आहे, साइटवर नंबर टाकला की कंपनी कोण, किती पेशंट, कुठली हॉस्पिटलं, सगळं फुकट दिसतं. नंबर नसेल तर विषय संपला, हात जोडून उठा.

आणि हो, कंपनीच्या ट्रायलमध्ये हॉस्पिटलला प्रत्येक पेशंटमागे पैसे मिळतात. यात लपवण्यासारखं काही नाही, करार असतो, कामही असतं तेवढं. पण नेहमीचे डॉक्टरच ट्रायलचे डॉक्टर असतील तर तुम्ही सरळ विचारू शकता की ट्रायल नसती तर तुम्ही बाबांना काय दिलं असतं? ते दुसरं औषध आजच मिळतंय, परवडतंय आणि त्याने शुगर खाली यायची शक्यता चांगली आहे, तर मी तरी आधी तेच करून बघेन.

फुकटचं गणितही वडिलांबरोबर एकदा मांडा. औषध फुकट पण किती दिवस? ट्रायल संपली की बहुतेक वेळा डबा परत आणि पुढे तुमचं तुम्ही. व्हिजिट किती, दर वेळी कोण घेऊन जाणार, उपाशीपोटी सकाळी सात वाजता पोचायचं तर कुठून निघणार. रिकाम्या पट्ट्यासुद्धा परत आणाव्या लागतात, आम्ही गोळ्या मोजायचो. एका काकांच्या गोळ्या दर महिन्याला बरोबर दुप्पट वेगाने संपायच्या. खूप विचारल्यावर काकू हसायला लागल्या, त्यांनाही डायबेटिस, नवऱ्याला एवढी चांगली गोळी मिळतेय तर एकटाच कसा खाईल, रोज एक एक दोघांत. त्यावर मॉनिटरचा चेहरा अजून आठवतो. हसायला येतं पण असं करू देऊ नका, त्या काकूंना काय झालं असतं तर कोणाच्या कागदावर त्यांचं नावच नव्हतं.

इतकं वाचून मी ट्रायलच्या विरोधात आहे असं वाटेल. नाहीये. माझ्या आजीच्या मोठ्या बहिणीला टीबी झाला तेव्हा तिला मिरजेला सॅनिटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या वेगळ्या हॉस्पिटलात, ठेवलं होतं, तान्हं मूल घरी सोडून. तेव्हा तेच करायचे. मग १९५६ मध्ये मद्रासला ट्रायल सुरू झाली, १९३ पेशंट, निम्म्यांना सॅनिटोरियममध्ये आणि निम्म्यांना त्यांच्या त्याच गर्दीच्या घरात सारखंच औषध दिलं, आणि घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले, घरच्यांना लागण जास्त झाली असंही दिसलं नाही. त्यानंतर जगभर टीबीच्या पेशंटला घरी राहून औषध मिळायला लागलं. ते घरी राहिलेले लोक तेव्हा छापा-काट्यालाच तयार झाले होते. किंवा अलीकडचं मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलचं घ्या, स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती साधं भूल द्यायचं लिडोकेन टोचायचं, ११ हॉस्पिटलं, सुमारे १६०० बायका, पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण न टोचलेल्यांत ८६.४ टक्के, टोचलेल्यांत ९०.१ टक्के. इंजेक्शन इतकं जुनं आणि स्वस्त की कुठली कंपनी त्यावर पैसे घालणार? अशी ट्रायल असती तर माझ्या आईला मीच घेऊन गेले असते.

तर वडिलांना हे सगळं कळलं, प्लासिबो मिळू शकतो हे कळलं, आणि तरी ते म्हणाले की जाऊ दे, नियमित तपासणी तर होईल, आपल्यामुळे पुढच्या कोणाला तरी उपयोग होईल, तर खुशाल जाऊ द्या. व्हिजिटा वेळेवर होतात, फोन करायला माझ्यासारखी कोणीतरी मागे लागलेली असते, कितीतरी पेशंटची शुगर त्या धाकानेच खाली यायची. मधेच नको वाटलं तर कधीही सोडता येतं, कारण द्यावं लागत नाही, फक्त गोळी बंद करण्याआधी फोन करा. आणि नाही म्हणायचं असेल तर तेही आत्ताच म्हणा, त्याने नेहमीचे उपचार थांबत नाहीत, थांबवता येतच नाहीत.

सही मात्र त्यांची, तुमची नाही आणि मामांची तर नाहीच. तुम्ही फक्त सोबत जा, शेजारी बसा. निघताना त्यांचा वाचायचा चष्मा घेतलाय का बघा.