दहावीच्या ‘भिंगे’ पाठाचा व्हिडिओ: सॉफ्टवेअर नंतर, आधी पडद्यावरचे परिच्छेद पुसा

तुमचा प्रश्न असा: एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी दहावीच्या ‘भिंगे’ पाठावर व्हिडिओ करायचेत, सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, कोपऱ्यात चेहरा ठेवावा का, आणि ‘पारंपरिक अध्यापन विरुद्ध मल्टिमीडिया’ हा विषय चालेल का?

शेवटचं आधी सांगतो. विषय मंजूर होईल, पण घेऊ नका. एका तुकडीला सरांनी खडू-फळ्यावर शिकवलं, दुसरीला व्हिडिओ दाखवला आणि दुसरीचे गुण वाढले, तर ते कशामुळे वाढले? आकृतीमुळे, वेगळ्या उदाहरणामुळे, की कॉम्प्युटर रूममध्ये बसायला मिळालं म्हणून? काहीच सांगता येत नाही. शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच हे मांडलं होतं: माध्यम म्हणजे माल पोचवणारी गाडी, फरक पडतो तो शिकवण्याच्या पद्धतीने. तरी अशा प्रबंधांचे गठ्ठे अजून बांधले जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं. एकच व्हिडिओ घ्या, त्याच्या दोन आवृत्त्या करा आणि दोन्हींत एकच गोष्ट वेगळी ठेवा. कोणती, ते खाली येईलच.

हाच पाठ नागपुरातल्या एका संस्थेकडून माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. लांबी ११ मिनिटं ४० सेकंद. डावीकडे सहा ओळींचा परिच्छेद, उजवीकडे पूर्ण काढलेली किरणाकृती, खाली ‘लाल म्हणजे पहिला किरण, निळा म्हणजे दुसरा’ अशी सूची, मागे बासरी, आणि निवेदक तोच परिच्छेद शब्दन्‌शब्द वाचतोय. परिच्छेद काढा म्हटलं तर उत्तर आलं, ‘मग पोरं वहीत काय उतरवतील?’ वहीसाठी एका पानाची पीडीएफ द्या. पडद्यावर आकृती असताना परिच्छेद नको. डोळे एकच आहेत. ते ओळी वाचतील तेव्हा किरण पाहणार नाहीत, आणि वाचणारं मूल आवाजाच्या दोन शब्द पुढे पळतं, म्हणून कानही गेला. मेयर, हायझर आणि लॉन या संशोधकांनी २००१ मध्ये वीज कशी चमकते हे सांगणाऱ्या ॲनिमेशनवर हेच तपासलं. निवेदनाच्या जोडीला तोच मजकूर पडद्यावर आला, तेव्हा विद्यार्थ्यांना कमी आठवलं आणि समजलेलं नव्या प्रश्नात वापरणंही कमी जमलं. तो वाद तेव्हा मी हरलो. माझं मत आजही तेच आहे.

त्या व्हिडिओत काय बदलायला हवं होतं ते सविस्तर सांगतो, तुमचा पाठ तोच आहे.

पडद्यावर सुरुवातीला फक्त मुख्य अक्ष, बहिर्वक्र भिंग आणि एफ१, एफ२, २एफ१, २एफ२ हे बिंदू ठेवा (एफ म्हणजे नाभी, २एफ म्हणजे भिंगापासून तिच्या दुप्पट अंतरावरचा बिंदू). वस्तू २एफ१च्या पलीकडे. ‘मुख्य अक्षाला समांतर’ हे शब्द ज्या क्षणी उच्चारले जातात त्याच क्षणी रेघ सरकली पाहिजे. वाक्य संपल्यावर रेघ आली तर मुलाला आधीचं वाक्य डोक्यात धरून बसावं लागतं. पहिला किरण भिंगातून वळून एफ२मधून गेला की तो करडा करा, मग प्रकाशीय केंद्रातून सरळ जाणारा दुसरा किरण रंगात काढा. एका वेळी एकच रंगीत रेघ. नाव रेघेलाच चिकटवा, खालची सूची पुसून टाका. किरण प्रतिमेच्या टोकाशी थांबवू नका, पुढे जाऊ द्या. नाहीतर प्रतिमेपाशी प्रकाश संपतो असा समज पक्का होतो आणि तो काढायला दुसरा तास लागतो.

दोन किरण झाले की फाइल तिथेच संपवा. ‘तिसरा किरण वहीत काढा’ हे शेवटचं वाक्य. ‘आता व्हिडिओ थांबवा’ असं सांगून कोणी थांबवत नाही, पण पुढची फाइल उघडायला बोट हलवावंच लागतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या व्हिडिओला यापेक्षा भरवशाचा विराम मला माहीत नाही. दुसऱ्या फाइलची सुरुवात तिसऱ्या किरणाच्या उत्तराने: एफ१मधून आलेला किरण भिंगानंतर अक्षाला समांतर. वस्तूच्या सहा स्थानांचा तक्ता तिसऱ्या फाइलमध्ये, तोही आकृत्या झाल्यावर. जाता जाता, ‘व्हिडिओ सहा मिनिटांचाच हवा’ हा नियम एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या ज्या २०१४च्या अभ्यासावरून सांगतात, त्यात लोक किती वेळ पाहतात हे मोजलं होतं, किती शिकतात हे नाही. फाइल मुद्दा संपतो तिथे कापा.

अक्षरांचं गणित: ७२० पिक्सेल उंचीच्या चौकटीत अक्षराची उंची किमान ४० पिक्सेल. सहा इंची मोबाइल आडवा धरला तर ते जेमतेम चार मिलिमीटर भरतं. देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार, म्हणून दोन ओळींत दीडपट अंतर. काही एडिटिंग सॉफ्टवेअर जोडाक्षरं फोडतात, ‘किरण’ची वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते. म्हणून शब्द इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फाँटात टाइप करा, चित्र म्हणून एक्सपोर्ट करा आणि तेच व्हिडिओत ठेवा. सेकंदाला १५ फ्रेम, चित्राला २५० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), आवाजाला मोनो ६४ ठेवलं की चार मिनिटांची फाइल साडेनऊ एमबीच्या आसपास बसते.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे कूलर बंद करवत नाही, आणि कूलरचा पंप नि पंखा प्रत्येक वाक्याखाली घरघरतो. नंतर फिल्टर मारून तो काढला की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. पहाटे सहाच्या आत, कूलर-पंखा बंद, खिडकीला गादी लावून रेकॉर्ड करा. माइक तोंडापासून १५-२० सेंटिमीटर, थोडा बाजूला, नाहीतर ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. आधी दहा सेकंद खोलीची नुसती शांतता टिपा, ऑडॅसिटी या आवाज दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उरलासुरला आवाज काढायला ती लागते. बासरी नको. तिचा पाठाशी संबंध नाही आणि कान अडवते.

आता प्रबंध. आवृत्ती अ मध्ये निवेदन आणि आकृती. आवृत्ती ब मध्ये तेच निवेदन, तीच आकृती, वर तोच मजकूर. बाकी सेकंदाचाही फरक नको. एका शाळेला अ आणि दुसरीला ब देऊ नका. मुलं साठ असली तरी तुलना दोनच शाळांची होते. एकाच वर्गात चिठ्ठ्या टाकून वाटणी करा, प्रत्येकाला हेडफोन द्या. पूर्वचाचणी हवीच, कारण नवख्याला जो आधार लागतो तो जाणत्याला अडथळा ठरू शकतो. प्रश्न दोन प्रकारचे ठेवा. ‘प्रतिमा कुठे मिळेल’ हा आठवणीचा. ‘भिंगाचा खालचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला तर प्रतिमेचं काय होईल’ हा समजेचा (प्रतिमा पूर्णच मिळते, फक्त अंधूक). एक चाचणी लगेच, एक आठवड्याने, वेगळ्या प्रश्नांची. पहिल्या चाचणीनेच पाठ पक्का होतो, म्हणून तेच प्रश्न पुन्हा विचारू नका. ‘व्हिडिओ आवडला का’ ही प्रश्नावली खुशाल भरून घ्या, पण तिला अध्ययन निष्पत्ती म्हणू नका.

सॉफ्टवेअर: ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग, केडेनलाइव्हमध्ये कापाकापी. दोन्ही फुकट, पुरेशी. चेहरा सुरुवातीला दहा सेकंद, आकृती आली की काढा.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. परिच्छेद नको म्हणजे एकही शब्द नको असं नाही. आकृतीला चिकटलेले दोन-तीन शब्द उपयोगीच पडतात, मेयर आणि जॉन्सन यांचा २००८चा अभ्यास तेच सांगतो. नागपुरात तर ते हवेतच: पुस्तकात ‘बहिर्वक्र’, हिंदी व्हिडिओत ‘उत्तल’, सेमी-इंग्रजीच्या वर्गात ‘कॉन्व्हेक्स’. पहिल्यांदा तिन्ही दाखवा, नंतर तुमच्या शाळेचा एकच. कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये द्या, बंद-चालू करता येतील असे.

आणि पक्कं रेकॉर्डिंग करण्याआधी कच्चा व्हिडिओ पाच मुलांना, हातात वही-पेन्सिल देऊन दाखवा. ज्या सेकंदाला पेन्सिल अडते तो आकडा लिहून ठेवा. तेवढंच वाक्य बदला आणि दुसऱ्या पाच मुलांना दाखवा.